दोन ते पाच

मला दुपारी झोप येत नाही. तान्ही होते तेव्हाही येत नसे असं आई सांगायची, आणि सांगताना तिच्या आवाजात कौतुक औषधालाही नसायचं. पुढे छत्तीस वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा उंच बोर्ड, हातात वायरी. दुपारी दोन ते पाच ही सगळ्यात गर्दीची वेळ, कारण समस्त ऑफिसांना जेवण झाल्यावरच एकमेकांची आठवण येते. हे आधीच सांगून ठेवते, कारण आमच्या घरात एक वही आहे आणि तिच्यात सात महिने रोज लिहिलेलं आहे : 'दुपारी झोप – दोन ते पाच, गाढ.' ते धादांत खोटं आहे. लिहिणारीला मात्र ते खरं वाटत होतं.

लिहिणारी म्हणजे आमची वकीलबाई. हे नाव मी ठेवलं. तिचं खरं नाव वहीच्या पहिल्या पानावर आहे, पण त्या नावाने तिला मी एकदाच हाक मारली, ती कधी ते पुढे येईल.

झालं असं, की बाथरूममध्ये माझा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला. मुलगा आणि सून दोघंही सकाळी साडेआठला घर सोडतात ते संध्याकाळी उगवतात. मग एका एजन्सीकडून दिवसभरासाठी बाई ठेवायचं ठरलं. पहिली आली ती मी फार बोलते म्हणून गेली. दुसरी आली तेव्हा मी शहाणी होऊन गप्प बसले, तर ती मी बोलत नाही म्हणून गेली. तिसरीला मी एवढंच म्हणाले होते, की फोनवर इतक्या मोठ्याने बोलायचं तर मधे तार कशाला हवी. ती दुपारीच गेली. सून म्हणाली, "आई, आता चौथी शेवटची हं." जणू बायका मी खात होते.

चौथी ही. वय एकोणतीस, अंगाने काटकुळी, केस घट्ट बांधलेले, आणि पायातल्या चपलांचा आवाज नाही. पहिल्या दिवशी तिने मला खुर्चीतून उठवलं ते काखेत हात घालून नव्हे. तिने आपला हात नुसता पुढे धरला आणि थांबून राहिली. मी तिच्या हातावर माझा हात ठेवला आणि उठले. आधीच्या तिघींनी मला गोणीसारखं उचललं होतं. मला त्या क्षणी ती आवडली, आणि आवडली म्हणूनच मी म्हणाले, "हाताला मेंदी लागलीय का, उचलायला जड जातंय?"

"आजी, उठलात तुम्ही," ती म्हणाली. "मी कुठे उचललं?"

आठवड्याभराने तिच्या पिशवीतला डबा काढताना त्याच्याखाली एक जाडजूड पुस्तक दिसलं. चौकशी केली. तोंड बंद असलेल्या माणसाकडून माहिती काढणं हे माझं कामच होतं. बाईसाहेब संध्याकाळच्या कॉलेजात कायदा शिकत होत्या. शेवटचं वर्ष. आमच्याकडून पाचला सुटायचं, सहा ते नऊ वर्ग, मग घर. घरी एकटी आई, तीस वर्षं इस्त्रीचं दुकान चालवणारी, आणि दुकान म्हणजे एका जिन्याखालची जागा. बाकीचे सगळे विषय सुटले होते. एकच पेपर दोनदा राहिला होता, कराराच्या कायद्याचा. वाचायला वेळ कुठून आणायचा हाच प्रश्न होता.

"मग इथे वाच की," मी म्हणाले.

"एजन्सीचा नियम आहे, आजी. पेशंट जागा असेल तोवर पुस्तक नाही, फोन नाही. पेशंट झोपला तर चालतं."

एजन्सीने रोजच्या नोंदींसाठी दिलेल्या वहीच्या पहिल्या पानावर तो नियम छापलेलाच होता. महिन्यातून एकदा त्यांच्या सुपरवायझरबाई वही तपासायला यायच्या आणि ही मुलगी वहीत खोटं लिहिणाऱ्यांतली नव्हती, हे मला आठवड्याभरातच कळलं होतं. अर्धी पोळी उरली तर ती 'अर्धी पोळी उरली' असं लिहायची. तिला 'नियम गेला खड्ड्यात, तू वाच' म्हणाले असते तर तिने मान हलवली असती आणि पुस्तक पिशवीतच राहिलं असतं. तेव्हा राहता राहिला एकच मार्ग. दुसऱ्या दिवशी दोन वाजता मी जांभई दिली.

झोपेचं सोंग घेणं सोपं असतं असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा तीन तास घेऊन बघावं. पहिली दहा मिनिटं बरी जातात. मग नाकाला खाज सुटते. नाक झालं की कान, मग पाठीच्या मधोमध जिथे जागेपणीही हात पोचत नाही तिथे. माशी बसते. शेजारची बाई गॅलरीतून कोणाशी तरी भांडते, आणि भांडण कशावरून आहे ते नेमकं ऐकू येत नाही. सुरुवातीला मी घोरून पाहिलं, पण ते जरा जास्तच झालं असावं, कारण ती उठून माझी नाडी बघायला आली. मग घोरणं सोडलं आणि श्वास लांब ठेवला. झोपलेल्याला जागं करता येतं, सोंग घेतलेल्याला नाही, असं म्हणतात. मी तर सोंगात इतकी तयार झाले, की एकदा दारावर कुरियरवाला पाच मिनिटं ठोकत होता तरी पापणी हलू दिली नाही.

आणि ती वाचायची. आधी मनात, मग ओठातल्या ओठात, आणि पाठ म्हणायची वेळ आली की पुटपुटत. माझ्या कानांचं वय माझ्या खुब्याइतकं झालेलं नाही. दोन माणसांच्या बोलण्यात न शिरता ते ऐकत राहणं यात माझा जन्म गेलेला. 'करार वैध होण्यासाठी पाच गोष्टी लागतात. प्रस्ताव. स्वीकृती. मोबदला. सक्षम पक्ष. आणि... आणि...' पाचवी तिला कधीच आठवायची नाही. मग पान उलटल्याचा आवाज, आणि "मुक्त संमती, गाढवे," असं स्वतःलाच. धाक दाखवून घेतलेली संमती मुक्त नसते. कपट करून घेतलेली नसते. मोबदला नसेल तर नुसतं वचन म्हणजे करार नव्हे. तीन महिन्यांत मला कायदा येऊ लागला. मुलगा जेवताना म्हणाला, "आई, भाजीवाल्याने आज फसवलं," तर मी त्याला त्यात प्रस्ताव कोणता आणि स्वीकृती कोणती ते समजावून सांगितलं. तो माझ्याकडे बघतच राहिला.

सगळं छान चाललं होतं. नडली ती वही.

डॉक्टर दर दोन महिन्यांनी घरी येतात. त्यांनी वही चाळली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "रोज दुपारी तीन तास गाढ? या वयात एवढी झोप बरी नाही. ही रात्रीची दुखण्यावरची गोळी गुंगी आणतेय." आणि त्यांनी गोळी अर्धी केली. मी तोंड उघडलं आणि मिटलं. चोराच्या मनात चांदणं. खरं सांगावं तर दोन ते पाच गेले, न सांगावं तर अर्धी गोळी गेली. मी अर्धी गोळी सोडली. खुबा रात्री ठणकायचा, नाही असं नाही. पण मी हिशेब असा केला, की दुखणं काय, माझंच आहे, जाईल कुठे. पेपर मात्र वर्षातून एकदाच येतो.

पुढचे दोन महिने तिने वहीत इमानेइतबारे लिहिलं, 'रात्री खुबा दुखल्याचं सांगतात. दुपारी झोप – दोन ते पाच, गाढ.' परीक्षेला तीन महिने राहिले होते.

त्या सोमवारी ती आली तीच गप्प. माझं जेवण झालं, ताट उचललं, तरी गप्प. मी म्हणाले, "लाइन कट झालीय का?"

"आजी, मला दुसरी नोकरी मिळतेय," ती म्हणाली. "मोठं नर्सिंग होम आहे. पगार इथल्या दीडपट. शुक्रवारपर्यंत कळवायचंय."

"वेळ काय?"

"बारा तास. शिफ्ट फिरती असते, एक आठवडा दिवस, एक आठवडा रात्र."

"म्हणजे कॉलेज?"

"पुढच्या वर्षी देईन पेपर."

मग तिने आईचं सांगितलं. पायाच्या शिरा फुगून निळ्या झाल्या होत्या. डॉक्टर म्हणत होते, उभं राहायचं काम बंद करा. आणि इस्त्री तर उभ्यानेच होते. "हा पगार आला तर आई उद्यापासून घरी बसेल, आजी. पेपर काय, पळून जात नाही. आईचे पाय जातील."

तिचं बरोबर होतं. मला मात्र वाईट वाटलं, आणि ते सगळंच्या सगळं तिच्या शिक्षणासाठी वाटलं असं म्हणणार नाही. नऊ वाजता दारात वाजणारी ती बेल, तो नुसता पुढे धरलेला हात, ते पुटपुटणं, हे सगळं जाणार होतं. तिला मी काय म्हणाले? "जा ना मग. मला काय विचारतेस? पाचवी बाईही मिळेल." असं माझं तोंड. जीभ घसरली की तिला वॉकर नाही.

'पुढच्या वर्षी' हा शब्द मला ठाऊक आहे. वडील गेले तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि एक्स्चेंजचा पगार चांगला होता. मीही पुढच्या वर्षी म्हणाले होते. छत्तीस वर्षांनी निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या भाषणात साहेबांनी माझं शिक्षण वाचून दाखवलं, 'बारावी'. पस्तावा म्हणाल तर फारसा नाही, कारण मला तो बोर्ड मनापासून आवडायचा. पण हिला नर्सिंग होम आवडणार नव्हतं. हिला कायदा आवडत होता. पाठ म्हणताना तिचा आवाज बदलायचा, तो मी डोळे मिटून सात महिने ऐकला होता.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, दोन वाजता मी नेहमीप्रमाणे आडवी झाले. तिने पुस्तक काढलं. बराच वेळ पान उलटलं नाही. मग हळूच सुरू झालं. "पाच गोष्टी लागतात. प्रस्ताव. स्वीकृती. मोबदला. सक्षम पक्ष. आणि..."

थांबली. मी वाट पाहिली. पान उलटल्याचा आवाज येईना. 'गाढवे' येईना. त्या जागी नाक ओढल्याचा आवाज आला. ती रडत होती. पाचवी गोष्ट आठवत नाही म्हणून रडत नव्हती हे मला कळत होतं, पण ऑपरेटरची सवय अशी की लाइनवर कोणी अडलं की तोंडातून शब्द निघतोच.

"मुक्त संमती," मी म्हणाले.

मी डोळे उघडले नाहीत. उघडून उपयोग नव्हता.

"आजी, तुम्ही जाग्या आहात?"

"आत्ताच उठले."

"कधीपासून?"

खोटं बोलायला मी कमी नाही, पण तिच्यापुढे जमेना. "तू आलीस त्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून," मी म्हणाले.

मला वाटलं होतं ती हसेल. गेले सात महिने मी मनातल्या मनात हा प्रसंग रंगवला होता आणि त्यात ती दर वेळी हसायची. ती उठली, वही घेतली आणि मागची पानं उलटत गेली. डॉक्टरांच्या तारखेच्या पानावर थांबली.

"तुमची गोळी माझ्यामुळे अर्धी झाली," ती म्हणाली. "मी लिहिलं म्हणून. तुम्ही रात्री दुखतंय म्हणायचात आणि मी ते शेजारच्याच ओळीत लिहायचे. मला तुमच्याकडे बघायला ठेवलंय, आजी. सात महिने तीन-तीन तास मी तुमच्याकडे बघितलंच नाही. बघितलं असतं तर कळलं नसतं का?"

"मी कळू दिलं नाही. मी त्यात पटाईत आहे."

"ते तुमचं झालं. माझं काय?" आणि मग तिने मलाच कायदा शिकवला. "कपट करून घेतलेली संमती मुक्त नसते. खरं माहीत असतं तर मी एकदाही पुस्तक उघडलं नसतं."

"म्हणून तर सांगितलं नाही," मी म्हणाले. आता माझाही आवाज चढला होता. "मला माझ्या खुब्याचं काही करायचा हक्क आहे की नाही?"

पाच वाजेपर्यंत ती माझ्या समोर, हात मांडीवर ठेवून, माझ्याकडे बघत बसून राहिली. पुस्तक पिशवीत. तेवढी लांब दुपार मी कधी काढली नाही. निघताना तिने वहीत लिहिलं आणि वही टेबलावर उघडी ठेवून गेली. 'दुपारी झोप – नाही. गेले सात महिने नाही. नोंद चुकीची होती. चूक माझी.' खाली सही, पूर्ण नावाने.

मुलाने ते वाचलं आणि डोक्याला हात लावला. मी सगळं सांगितल्यावर तो माझ्यावर रागावला, मग गोळीचं आठवून स्वतःवर, आणि शेवटी कोणावर रागवायचं ते न कळून हात धुवायला गेला. सून तेवढी शांत होती. म्हणाली, "आई, त्या नियमाचं मला एकदा सांगायचं होतंत. कुटुंबाने लेखी दिलं तर चालतं. एजन्सीच्या करारात पाचव्या पानावर आहे." कायदा शिकले मी आणि करार वाचला तिने. मी निमूटपणे जेवले.

बुधवारी ती आली नाही. एजन्सीने एक बदली बाई पाठवली, तिने मला काखेत हात घालून उचललं. अकरा वाजता मी वही मागवून घेतली आणि पहिल्या पानावर 'अडचणीच्या वेळी संपर्क' असं लिहिलं होतं त्या नंबरावर फोन लावला. नंबर तिच्या आईचा होता. मागे गरम इस्त्रीखाली पाणी चरचरल्याचा आवाज येत होता.

"मी आजी बोलतेय. तुमच्या मुलीच्या कामावरची."

"नमस्कार, ताई. काही चुकलं का तिचं?"

"तिचं नाही, माझं चुकलं. ती कुठे आहे?"

"घरी आहे. काल आली ती बोललीच नाही. सकाळी बघितलं तर सगळी पुस्तकं कपाटावर, वर टाकलेली. म्हणते, शुक्रवारी नर्सिंग होमला हो कळवणार." मग जरा थांबून म्हणाल्या, "मला नकोय हो तो पगार. पण मी बोलले तर म्हणेल, आई त्याग करतेय. माझे पाय दुखतात ते मी तिला सांगतच नव्हते. घरी गेल्यावर मुद्दाम उभी राहून कामं करायची, म्हणजे तिला वाटावं ठीक आहे. तिने त्या शिरा बघितल्या त्या मी झोपेत असताना."

म्हणजे सोंगाड्या आम्ही दोघी होतो. मध्ये सापडली ती पोरगी.

"बसून इस्त्री नाही का करता येत?" मी विचारलं.

"स्टूल आणून बघितलं, ताई. बुटकं पडतं. वरून हाताचं वजन आलं नाही तर घडी बसत नाही. आणि पाय लोंबकळले की जास्तच दुखतात."

दुकानाचा पत्ता लिहून घेऊन फोन ठेवला आणि मी गॅलरीकडे बघत राहिले. तिथे माझी खुर्ची असते. एक्स्चेंजमधले जुने बोर्ड मोडीत निघाले तेव्हा आमच्या खुर्च्याही विकायला काढल्या, आणि मी माझी घरी आणली. बोर्ड उंच, म्हणून आमच्या खुर्च्या उंच. बसलं तरी उभं राहिल्यासारखे हात वरून खाली येतात. पाठीला टेकू, खाली पाय ठेवायला लोखंडी दांडी, आणि उंची कमी-जास्त करायला स्क्रू. आठ-आठ तास काम करायला बनवलेली. सून दहा वर्षं म्हणतेय, ती टाकून द्या, गॅलरीत कपडे वाळत घालता येत नाहीत. मी म्हणायचे, माझ्यानंतर टाका. पडण्याच्या आदल्या दिवसापर्यंत मी संध्याकाळी तिच्यावर बसत होते.

मुलगा आला तेव्हा त्याला म्हणाले, "ती खुर्ची गाडीत घाल आणि या पत्त्यावर देऊन ये."

"आई, तुझी खुर्ची?"

"माझा खुबा तिच्यावर चढणार आहे का आता? जा, दुकान बंद व्हायच्या आत जा."

तो खुर्ची घेऊन खाली गेला. गॅलरीच्या फरशीवर तिच्या चार पायांचे चार गंजके डाग राहिले. मला वाईट वाटलं. सूनबाईला आनंद झाला असेल असं वाटून मी तिच्याकडे पाहिलं, तर ती म्हणाली, "आई, तुम्हाला पाणी देऊ का?"

मुलगा बऱ्याच वेळाने परतला. खुर्चीची उंची त्याने तिथेच बसवून दिली होती. तिची आई बसली, दोन शर्ट केले, आणि काही न बोलता तिसरा हातात घेतला, एवढंच त्याने सांगितलं.

गुरुवारी नऊ वाजता बेल वाजली. दारात वकीलबाई. डोळे सुजलेले, भुवया ताणलेल्या.

"खुर्ची कशाला पाठवलीत?"

"मोबदला."

"कशाचा?"

"सात महिने मला कायदा शिकवलास त्याचा. फुकट शिकवणीचा करार होत नाही म्हणे."

ती दारातच उभी राहून रडली. मी वॉकर धरून उभी, त्यामुळे जवळ घ्यायला हात मोकळे नव्हते. मग मी तिला तिच्या नावाने हाक मारली, पहिल्यांदाच, आणि जे सोमवारी म्हणायला हवं होतं ते म्हणाले. "मला तू हवी आहेस. तुझी सवय झालीय आणि तू गेलीस तर मला फार वाईट वाटेल. पण माझ्यासाठी थांबू नकोस. आईसाठी जाऊ नकोस. तुला काय हवंय ते एकदा मोठ्याने बोल, पुटपुटू नकोस."

तिने डोळे पुसले.

"मला पेपर द्यायचाय," ती म्हणाली. "याच वर्षी."

"आणि आईचे पाय?"

"आई म्हणाली, या खुर्चीवर ती अजून दोन वर्षं सहज काढेल. मी म्हटलं, एकच. त्यावर आमचा करार झालाय."

सुनेने परवानगीचं पत्र सकाळीच लिहून ठेवलं होतं, सहीसकट. पगारही जमेल तेवढा वाढवला होता, ते मात्र तिने मला नंतर सांगितलं. वकीलबाईने पत्र दोनदा वाचलं. मग आपल्या अटी सांगितल्या. झोपेचं सोंग बंद. वाचायचं ते उघड, मोठ्याने. डॉक्टरांना आजच फोन करून गोळी पूर्ववत. आणि खुबा दुखला तर लगेच सांगायचं, दुखणं लपवायचं नाही. मी सगळ्याला संमती दिली. "मुक्त?" तिने विचारलं. "मुक्त," मी म्हणाले.

शुक्रवारी तिला नर्सिंग होमला 'नाही' असं कळवायचं होतं. हातात फोन घेऊन ती तीनदा उठली, तीनदा बसली. दीडपट पगाराला नाही म्हणणं सोपं नसतं, आणि तिने ते सोपं आहे असं दाखवलंही नाही. शेवटी मी म्हणाले, "आण इकडे, मी लावून देते." नंबर लावला, पलीकडून आवाज आला, मी म्हणाले, "एक मिनिट हं, जोडून देते," आणि फोन तिच्या हातात दिला. मग तोंड भिंतीकडे फिरवलं. दुसऱ्याचं बोलणं मी ऐकलं नाही असं माझ्या आयुष्यात त्या दिवशी पहिल्यांदा झालं.

पुढचे तीन महिने आमच्या घरात दोन ते पाच कायद्याचा वर्ग भरला. ती वाचायची, मी उलटतपासणी घ्यायचे. चुकली की 'गाढवे' म्हणण्याचा हक्क आता माझ्याकडे आला होता. परीक्षेच्या आधीचे पंधरा दिवस मुलाने आणि सुनेने आलटून पालटून रजा काढून तिला सुट्टी दिली. पेपर झाल्यावर ती थेट आमच्याकडे आली, आणि पाचही गोष्टी मला दारातच म्हणून दाखवल्या. निकाल लागला तेव्हा मला आधी फोन आला की तिच्या आईला, यावरून आम्हा दोघींत अजून वाद आहे. सुटला पेपर. चांगला सुटला.

एका वकिलांच्या ऑफिसात तिला जागा मिळाली. आमच्याकडचा तिचा शेवटचा दिवस एक शनिवार होता. जेवण झालं, ताट उचललं, दोन वाजले. पिशवीत पुस्तक नव्हतं. वाचण्यासारखं काही उरलंच नव्हतं. ती एक खुर्ची ओढून माझ्या पलंगाशी बसली, हात मांडीवर. मी म्हणाले, "अशी बघत बसू नकोस, मला कसंतरी होतं." ती म्हणाली, "तुम्ही पडा, आजी." मी भिंतीकडे तोंड करून पडले. तिचा श्वास ऐकू येत होता. शेजारची बाई गॅलरीत भांडत होती आणि कशावरून ते मला ऐकावंसंही वाटलं नाही.

जाग आली तेव्हा खोलीत उन्हं कलली होती, आणि ती निघून गेली होती. मला उठवलं नव्हतं. मुलगा स्वयंपाकघरात होता. वही टेबलावर मिटलेली. मी चष्मा लावून शेवटचं पान काढलं.

'दुपारी झोप – दोन ते पाच. खरी. पूर्ण वेळ मी बघत होते.'